मंत्रिपदाचा भाव

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा तेलंगण आणि महाराष्ट्र यांना विभागते. काठांवरची मराठी बोली आणि कापसाची शेती मात्र तिला विभागता आलेली नाही. विभागला गेला होता तो कायदा. तेलंगणाने 2017 साली आपला 1974 चा जुगारविषयक कायदा दुरुस्त करून, कोणत्याही घटनेच्या अज्ञात निकालावर पैसा लावणे हा जुगारच होय, मग त्यास कौशल्याचा कितीही मुलामा द्या, असे ठरविले. नदीपलीकडे मात्र ‘मतांचा व्यापार’ असे सभ्य नाव धारण करून हाच धंदा मोबाईलवर चालत राहिला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाईन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला, तेव्हा कोठे दोन्ही काठांस एक न्याय लाभला.

तथापि अमेरिकेत हा बाजार भरभराटीस आला आहे. पॉलिमार्केट आणि कल्शी यांच्या फळ्यावर क्रिकेट वा निवडणूकच नव्हे, तर अमुक मंत्री अमुक तारखेपर्यंत पदावरून जाईल काय, हाही सौद्याचा विषय असतो. भाकीत खरे ठरल्यास एका हिश्श्याचा एक डॉलर, अन्यथा शून्य. भाव तीस सेंट असेल तर मंत्री जाण्याची शक्यता शंभरात तीस, असा हिशेब. हजारो लोकांचे विखुरलेले ज्ञान या भावात एकवटते, असा पुरस्कर्त्यांचा दावा आहे.

हा दावा पावसाच्या किंवा पिकाच्या बाबतीत क्षणभर मान्य करता येईल. पावसावर पैज लावणाऱ्याच्या हाती ढग नसतात. मंत्र्याचे जाणे ही निसर्गघटना नव्हे. संविधानाच्या 164 व्या अनुच्छेदानुसार मंत्री राज्यपालांची मर्जी असेतोवर पदावर राहतो, आणि ती मर्जी व्यवहारात मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने चालते. निर्णय एका दालनात होतो. तो आधी ठाऊक असतो दोन-चार माणसांना. तेथे विखुरलेले ज्ञान कोठून येणार? तेथे असते ती फुटलेली बातमी, आणि भाव हलतो तो तिच्यामुळे. 3 जानेवारी 2026 रोजी अमेरिकेने व्हेनेझुएलाचे अध्यक्ष मादुरो यांना पकडून नेले. त्याच्या थोडेच आधी त्यांच्या पदच्युतीवर पैसा लावणाऱ्या एका निनावी खात्याने चार लाख डॉलरांहून अधिक कमावले. हा दूरदृष्टीचा विजय की आतल्या खबरीचा, ही शंका जगभर घेतली गेली.

याहून मोठी हानी नागरिकाच्या मनाची होते. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. 31 जुलैला त्यांचे खाते बदलले, आणि डिसेंबरात वेगळ्याच न्यायालयीन प्रकरणावरून त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. त्या जुलैमध्ये चर्चा रंगली ती ‘मंत्री जाणार की राहणार’ याची. पैनगंगेकाठच्या कापूस उत्पादकाला कृषिखात्याकडून काय मिळाले, हे कोणी विचारले? या प्रश्नावर पैसा लागला असता तर जनता आणखी दुभंगली असती. ‘मंत्र्याने जावे काय’ हा नागरिकाचा प्रश्न. ‘मंत्री जाईल काय’ हा जुगाऱ्याचा. मंत्री राहण्यावर हजार रुपये लावलेला माणूस त्याच्या गैरवर्तनाचा पुरावा कोणत्या तोंडाने मागणार?

मांडवीच्या पात्रात कॅसिनो तरंगत ठेवणाऱ्या गोव्याने इतरांस नीतिपाठ देऊ नये, असे कोणी म्हणेल. पण कॅसिनोतील चाकावर कोणाचे राज्य चालत नाही.

कायदा झाला, परदेशी फळे मोबाईलवर शिरण्याच्या वाटा मात्र संपत नाहीत. म्हणून केंद्र आणि राज्यांनी मंत्री, त्यांचे कर्मचारी व सनदी अधिकारी यांना सरकारी निर्णयांवर देशात वा परदेशात पैसा लावण्यास स्पष्ट मनाई करावी आणि ती त्यांच्या आचारसंहितेत लिहावी. आणि वृत्तपत्रांनी सट्ट्याचा भाव बातमी म्हणून छापणे थांबवावे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत फलोदीच्या सट्टाबाजाराने भाजपला तीनशेच्या आसपास जागा दिल्याचे रकाने भरले. मतपेटीतून निघाल्या 240. लोकशाहीत मंत्र्याची किंमत सभागृहात आणि मतपेटीत ठरावी. बाजारात तिचा भाव फुटू लागला, तर जबाबदार राज्यकारभार हा शब्दच दिवाळखोरीत निघेल.