तीन मिलिमीटरचं हृदय

नवी कार घेताना तुम्ही क्रॅश टेस्टचं रेटिंग बघता ना? ती गाडी खऱ्या भिंतीवर आदळण्याआधी कॉम्प्युटरमध्ये शेकडो वेळा आदळून झालेली असते. ट्रिक साधी आहे. गाडीचे हजारो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा किती दबेल, किती वाकेल याचं गणित मांडायचं. आता हेच गणित हृदयाचं करायचं म्हटलं तर?

तेही झालंय, बॉस! आणि सुरुवात चक्क नाईट शिफ्टमध्ये झाली. लंडनमध्ये पीएच.डी. करणाऱ्या डेनिस नोबल यांना विद्यापीठाचा कॉम्प्युटर मिळायचा तो पहाटे २ ते ४. त्या दोन तासांच्या जोरावर त्यांनी १९६० साली हृदयाच्या पेशीतल्या विजेचं मॉडेल मांडलं. पण वीज म्हणजे फक्त स्विच. स्नायू ताणतो कसा, आखडतो कसा, हा पुढचा पेपर जास्त अवघड निघाला.

कारण पोलाद कुठूनही दाबा, सारखंच वागतं. हृदयाचा स्नायू लाकडासारखा, त्याला रेषा असतात. शिवाय आतून बाहेर जाताना या तंतूंची दिशा हळूहळू फिरत जाते, साधारण १२० अंशांनी. म्हणून तर हृदय नुसतं आवळत नाही. आपण ओली चादर पिळतो तसं स्वतःला पिळतं.

२००२ मध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी डुकराच्या हृदयाचे जेमतेम ३ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे कापले आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दिशांनी सरकवून पाहिला. तंतू ताणले जातील अशा दिशेने तुकडा सर्वांत हट्टी. थर एकमेकांवरून सरकतील अशा दिशेने मात्र पत्त्यांच्या कॅटसारखा मऊ. याच आकड्यांवरून २००९ मध्ये होल्झाफेल आणि ऑग्डेन या जोडीने एक समीकरण दिलं. त्यात फक्त ८ आकडे भरायचे, की स्नायूचा ताठपणा कॉम्प्युटरला कळतो.

'बरं मग, आपल्याला काय त्याचं?' सांगते.

गेल्या वर्षी बाबांचा टू-डी इको केला. इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के. फॅमिली ग्रुपवर लगेच अंगठे आणि हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस! पण बाबा दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत दोनदा थांबत होते. आई म्हणायची, "वय झालंय." डॉक्टर म्हणाले, "पंपिंग छान आहे. मला भरण्याची काळजी आहे."

ही गंमत मला मॉडेलमुळे उमगली. ६० टक्के म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर फेकलं गेलं, एवढंच. ते रक्त भरताना किती जोर लागला, हे त्या आकड्यात नाही. स्नायू ताठ झाला की तेवढंच रक्त भरायला जास्त दाब लागतो. तो दाब मागे फुफ्फुसांपर्यंत पोहोचतो आणि माणसाला जिन्यावर धाप लागते. कॉम्प्युटरमध्ये बाकी सगळं तसंच ठेवून फक्त ताठपणा वाढवता येतो आणि पुढे काय होतं ते बघता येतं. जिवंत माणसात ही सोय नाही.

म्हणजे आता प्रत्येकाचं डिजिटल हृदय बनवायचं? इतकं सोप्पं नाही. २०१४ मध्ये दासो सिस्टीम्स या फ्रेंच कंपनीने (हो, पुण्यात ऑफिस असलेली तीच) 'लिव्हिंग हार्ट' प्रोजेक्ट सुरू केला. पण बाबांच्या हृदयाचा ३ मिलिमीटरचा तुकडा कोण कापून देणार? स्कॅनमध्ये दिसणाऱ्या हालचालीवरून उलटा हिशेब करत ताठपणा शोधावा लागतो. आतला दाब नेमका मोजायचा तर कॅथेटर घालावा लागतो. उत्तर येतं, पण अंदाजाच्या पट्ट्यासकट.

बाबांची गोळी सुरू आहे, बीपीवर लक्ष आहे आणि जिना आता एका दमात होतो. तुमच्या घरी इकोचा रिपोर्ट आला, तर पहिला आकडा बघून फाईल मिटू नका. दम लागत असेल तर डॉक्टरांना एवढंच विचारा, "भरताना कसं आहे?" आपण सगळे आऊटपुट मोजणाऱ्या ऑफिसांत काम करतो. हृदयाला मात्र सैल सोडणंही तितकंच नीट जमावं लागतं.