खर्च खरा, कायद्याला अमान्य!

कर चुकविणाऱ्याची वकिली आम्हांस करावयाची नाही. परंतु घामाने झालेला खर्च अमान्य व्हावा, हेही आम्हांस मान्य नाही. बेळगाव-खानापूर-निपाणीकडील लहान कंत्राटदार बाजारादिवशी साऱ्या गवंडी-बिगाऱ्यांची मजुरी मुकादमाच्या हाती रोख ठेवतो. 2017 मध्ये एका इसमास एका दिवशी रोख देण्याची मर्यादा 20,000 रुपयांवरून 10,000 वर आली. ती ओलांडली की, मोजके अपवाद सोडता, सारी रक्कम खर्चातून बाद!

दुसरी वाट ठोक नफ्याची. 1994 मध्ये ती बांधकाम कंत्राटदारांसाठीच निघाली. जमेच्या 8 टक्के नफा मानावयाचा. 2017 पासून बँकेतून आलेल्या जमेवर 6 टक्के. मग सिमेंट महागो वा पाऊस काम बुडवो, निराळा खर्च दाखविता येत नाही.

1956 च्या केंद्रीय निवेदनाने भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती 15 ते 20 टक्के असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत देण्याचे सांगितले. त्याच न्यायाने करखात्याने येथे मराठीत नियम समजावावेत, ही आमची मागणी आहे. तोवर बांधवांनो, हजेरीपट ठेवा, मजुरी ज्याची त्याच्या हाती सहीनिशी द्या. सीमालढ्याने कागदी पुराव्याचे मोल आपणांस शिकविलेच आहे!