आधी निर्णय कुणाचा, ते सांगा

आरोग्यसेविकेला रुग्णासमोर निर्णय घ्यायला मदत करणारं नवं डिजिटल साधन करायचं, म्हणून भरलेल्या बैठका मी पाहिल्या आहेत. पहिल्याच दिवशी डॅशबोर्डचे रंग ठरतात, पायलटचा जिल्हा ठरतो, उद्घाटनाची तारीखही ठरते. ज्या सिस्टरच्या हातात ते पडणार, तिला मात्र बोलावलेलंच नसतं. याला नियोजन म्हणायची माझी तयारी नाही. इथे जे चुकतं ते पुढे कुठल्याही प्रोग्रॅमरला निस्तरता येत नाही.

एकदा उपकेंद्रात जाऊन बसा. आई बाळाला घेऊन आली आहे, बाळाला धाप लागली आहे. सिस्टरला एवढंच ठरवायचं आहे की इथेच औषध द्यायचं की ताबडतोब पुढे पाठवायचं. आणि अ‍ॅप तिच्याकडे मागतं आधार क्रमांक, मोबाइल नंबर, ओटीपी. एक रकाना रिकामा राहिला की पुढचं पान उघडत नाही. रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी तीच माहिती रजिस्टरातही उतरवायची, कारण रजिस्टर बंद करण्याचा आदेश कुणी काढलेला नसतो. असलं साधन वरच्या कार्यालयाला आकडे हवेत म्हणून केलेलं असतं. मग तसं सरळ सांगा, सिस्टरच्या मदतीचं नाव पुढे करू नका.

हे नीट कसं करायचं, ते महाराष्ट्रातच कधीचं करून दाखवलेलं आहे. गडचिरोलीच्या गावांत बालकांचा न्यूमोनिया ओळखायचा होता आणि अनेक दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी श्वास मोजायला मण्यांचं साधन केलं, त्याला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ जोडलं. दर 10 श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी मण्यांची ओळ वेगळी. 1992 मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. निर्णय एकच होता, तो कोण घेणार हे ठरलेलं होतं, आणि तिला काय जमतं हे बघूनच साधन घडवलं होतं.

आता अमेरिकेकडे बघा. सेप्सिसचा, म्हणजे संसर्गातून उद्भवणाऱ्या जीवघेण्या अवस्थेचा, इशारा देणारं एपिक कंपनीचं संगणकीय मॉडेल शेकडो रुग्णालयांत आधी बसवलं गेलं. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातली स्वतंत्र तपासणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. सेप्सिसचे 67 टक्के रुग्ण त्या मॉडेलच्या हातून निसटले होते, आणि दाखल झालेल्यांपैकी 18 टक्क्यांबाबत त्यानं इशारे दिले होते. पैसा, वीज, तज्ज्ञ काही कमी नसलेल्या ठिकाणी ही गत झाली. आपल्याकडे अशी तपासणी कोण करणार आणि कधी, हे योजनेच्या कागदावर लिहिलेलं मला दिसत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एक पान लिहा. निर्णय कोणता, तो कोण घेणार? तो घेण्याचा अधिकार तिला आज आहे का? जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच बजावलं आहे की निर्णयासाठीचा असा डिजिटल आधार कर्मचाऱ्याच्या ठरलेल्या कामाच्या कक्षेतच द्यावा. ‘पुढे पाठवा’ असं उत्तर आलं तर गाडी कुठून येणार? रेंज नसताना काय करायचं? कोणतं रजिस्टर बंद होणार? सल्ला चुकला तर जबाबदार कोण? हा शेवटचा प्रश्न काढला की बैठकीत विषय बदलतो, कारण नोटीस सिस्टरच्याच नावानं निघणार हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं.

निविदा निघाल्यावर सिस्टरचं मत विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं. ते पान तिनं आणि आशाताईंनी आधी वाचावं, हवं तिथे खोडावं, मग खात्याच्या वरिष्ठांनी जबाबदारी घेऊन खाली सही करावी. तोवर या कामावर जनतेचा एक रुपयाही खर्च करू नये.