कारागिरीचें शिक्षण आणि सरकारची थैली

गेल्या दोन-तीन वर्षांत ‘कौशल्य’ या शब्दाचा सरकारदरबारीं मोठा बोलबाला झाला आहे. १९ ऑक्टोबर २०२३ रोजीं महाराष्ट्रांतील ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचें उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्तें झालें. पुढल्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत राज्यांतील १,००० महाविद्यालयांत तशीच केंद्रें काढण्याच्या योजनेचा वर्ध्यास प्रारंभ झाला. मे २०२५ मध्यें तर देशांतील १,००० औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या, म्हणजे लोक ज्यांस आयटीआय म्हणतात त्यांच्या, सुधारणेकरितां पांच वर्षांत ६०,००० कोटी रुपये खर्चण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळानें मंजूर केली. सरकारचें लक्ष इकडे वळलें ही गोष्ट निःसंशय समाधानाची आहे. परंतु शहाणा व्यापारी वहीची शेवटची बेरीज पाहून थांबत नाहीं. कोणती रक्कम कोणाच्या खातीं पडली हें तो तपासतो. तीच कसोटी सार्वजनिक पैशास लावली पाहिजे. अकोले तालुक्याच्या डोंगरांतील मुलाच्या किंवा मुलीच्या हातांत हुन्नर येईपर्यंत या पैशाचा किती अंश पोंचतो, हा खरा प्रश्न आहे.

हा विषय महाराष्ट्रास नवा नाहीं. १८९० सालीं पुण्यास औद्योगिक परिषद भरली, तींत केवळ शेतीवर विसंबलेल्या देशाचें दारिद्र्य उद्योगधंद्यांवांचून हटणार नाहीं, हें न्यायमूर्ति रानडे यांनीं स्पष्ट केलें. त्याच सालीं सयाजीराव महाराजांनीं बडोद्यास कलाभवन स्थापून राज्याच्या खजिन्यांतून हुन्नराचें शिक्षण देण्याचा धडा घालून दिला. ब्रिटिश अमलाखालील मुलखांत असा राजाश्रय नव्हता, म्हणून अंताजी दामोदर काळे यांनीं लोकांकडून एक एक पैसा जमवून पैसा फंड उभारला. आणि त्या फंडांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें काचेचा कारखाना निघाला. हा कारखाना हीच शाळा होती. विद्यार्थी भट्टीपाशीं उभे राहून शिकत, आणि तेथें तयार झालेले कारागीर पुढें देशांतील ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत गेले. स्वराज्य आल्यावर १९५० सालीं भारत सरकारनें कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली व १९६१ मध्यें शिकाऊ उमेदवारांविषयींचा कायदा झाला. म्हणजे हुन्नर शिकविणें हें सरकारचें काम आहे कीं नाहीं, हा वाद केव्हांच मिटला आहे. तें काम सरकार कशा रीतीनें करतें, एवढेंच पाहावयाचें उरलें आहे.

ती रीत पाहूं. आयटीआयमध्यें वेल्डरचा धंदा शिकण्यास एक वर्ष व विजेचें किंवा फिटरचें काम शिकण्यास दोन वर्षें लागतात. या विद्यार्थ्यांपैकीं पात्र ठरणाऱ्यांस राज्य सरकारकडून जें विद्यावेतन मिळे तें अनेक वर्षें दरमहा ४० रुपये होतें. २०२३ सालीं तें ५०० रुपये करण्यांत आलें. आतां दुसरें पान उलटा. २०२४ सालीं याच सरकारनें मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तींत बारावी उत्तीर्ण झालेल्या तरुणानें एखाद्या कचेरींत किंवा कारखान्यांत उमेदवारी केली तर त्यास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका घेतलेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये ठरविले. मुदत प्रथम सहा महिन्यांची होती, ती पुढें वाढविण्यांत आली. आम्हांस या योजनेचा मत्सर नाहीं. बेकार तरुणाच्या हातीं चार पैसे पडले तर कोणास वाईट वाटेल? परंतु हिशेब करून पाहा. बारावी झालेल्यास सहा महिन्यांच्या उमेदवारीचे ३६,००० रुपये, आणि दोन वर्षें भट्टीपुढें व यंत्रापुढें राबून धंदा शिकणाऱ्यास सगळें मिळून फार तर १२,०००! शिकून झालेल्यास सरकार उदार आहे. शिकत असलेल्यास मात्र कृपण आहे. विहीर खणणाऱ्यास उपाशी ठेवावें आणि पाणी पिणाऱ्यास बक्षीस द्यावें, यांतलाच हा प्रकार होय.

या कृपणतेचा भार कोणावर पडतो तें अकोल्याच्या लोकांस सांगावयास नको. कळसूबाई, रतनगड व हरिश्चंद्रगड यांच्या कुशींतील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांतून मुलगा शिकावयास निघाला कीं एस.टी.चा पास, खोलीचें भाडें आणि खानावळ हीं तिन्हीं त्याच्या पुढ्यांत उभीं राहतात. ५०० रुपयांत यांपैकीं एकही नीट भागत नाहीं. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या वाटा कांहींस खुल्या असल्या तरी पैसा हातीं येईपर्यंत खानावळवाला थांबत नाहीं. मग भातलावणीच्या दिवसांत मुलगा घरीं जातो, मजुरीस लागतो, आणि अभ्यासक्रम अर्धाच राहतो. त्यानंतर ‘आदिवासी मुलें टिकत नाहींत’ असा शेरा मारावयास सर्व मोकळे!

आणि याच तालुक्यांत कारागिरांची गरज किती आहे! भंडारदऱ्याचें धरण पुरें होऊन शंभर वर्षांचा काळ लोटत आला. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत् प्रकल्प आहे. ऑक्टोबर २०२३ मध्यें निळवंड्याच्या डाव्या कालव्याचें लोकार्पण झालें. पाणी आमच्या डोंगरांत अडतें, वीज आमच्या दऱ्यांत निर्माण होते. पण तीं यंत्रें चालविणारे व दुरुस्त करणारे हात आमच्याच वाड्यांतले कां असूं नयेत? बाजारपेठेपुरतें बोलावयाचें तरी पंप जळला, ट्रॅक्टर बिघडला किंवा दूध थंड ठेवणारें यंत्र बंद पडलें म्हणजे बाहेरगांवचा मिस्त्री येईपर्यंत होणारें नुकसान व्यापाऱ्यास व शेतकऱ्यास ठाऊक आहे. कारागिराचें शिक्षण हा दानधर्म नव्हे. तो पेठेचा रोकडा फायदा आहे.

कोणी म्हणतील, आयटीआय झालेलीं मुलेंही बेकार फिरतात, मग अधिक खर्च कशाला? हा आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं. पण जेथें यंत्र जुनें, कच्चा माल अपुरा व शिक्षकाची जागा रिकामी, तेथून निघालेल्यास दाखला मिळतो, हुन्नर मिळत नाहीं. त्यावर उपाय शाळा उपाशी ठेवणें हा नव्हे.

या प्रश्नाची एक सामाजिक बाजूही आहे. पूर्वीं सुताराचा धंदा सुताराच्या घरीं आणि लोहाराचा लोहाराच्या घरीं कोंडलेला असे. सरकारी शाळेनें तें कुलूप उघडलें. तेथें कोणत्याही जातीचा मुलगा कोणताही धंदा शिकूं शकतो. परंतु मुलीस शिवणकामाच्याच वर्गांत धाडण्याची आपली संवय आणि कळकट कपड्यांतील फिटरपेक्षां कचेरींतला कारकून थोर मानण्याची आपली खोड, हीं दोन्हीं अद्याप शिल्लक आहेत. यांस सरकार जबाबदार नाहीं, आपण आहों.

राज्यघटनेच्या ४६ व्या कलमानें दुर्बल वर्गांचे, विशेषतः अनुसूचित जातिजमातींचे, शैक्षणिक व आर्थिक हित जपणें हें राज्याचें कर्तव्य ठरविलें आहे. हें कलम घेऊन न्यायालयांत दावा लावतां येत नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच तो लोकमताच्या न्यायासनापुढें लावला पाहिजे. आमच्या मागण्या तीन आहेत. शिकणाऱ्याचें विद्यावेतन त्याच्या राहण्या-जेवण्याच्या खऱ्या खर्चाशीं जोडावें आणि तें दरमहा वेळेवर द्यावें. नव्या ६०,००० कोटींच्या योजनेंत केंद्राचा वांटा ३०,०००, राज्यांचा २०,००० व उद्योगांचा १०,००० कोटी आहे. त्यांतून डोंगरी तालुक्यांच्या संस्थांस काय मिळालें, तें संस्थेगणिक प्रसिद्ध करावें. आणि शिक्षकांच्या जागा भरल्याशिवाय नव्या इमारतीची कोनशिला बसवूं नये.

लोकांचेंही कांहीं कर्तव्य आहे. तालुक्याच्या अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामपंचायतींस २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधीचा हिस्सा थेट मिळतो, आणि शिक्षण हा त्याच्या खर्चाचा एक विषय आहे. धंदा शिकणाऱ्या आपल्या मुलांमुलींकरितां त्यांतून काय करतां येईल, याचा विचार ग्रामसभांनीं करावा. पेठेंतील दुकानदारांनीं व कारखानदारांनीं वर्षास एक तरी शिकाऊ उमेदवार पदरीं घ्यावा आणि त्यास झाडलोटीस न लावतां काम शिकवावें. एक एक पैसा गोळा करून ज्या महाराष्ट्रानें काचेची भट्टी पेटविली, त्यास आपल्याच करांच्या पैशाचा जाब विचारणें जड वाटूं नये.