‘व्ह्यू’ला मराठी शब्द नको

‘व्ह्यू’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू नये, अशा मताला मी आले आहे.

पर्यटनाच्या मजकुराचं भाषांतर हे आमच्या धंद्यातलं नियमित उत्पन्न. कवितेच्या भाषांतराला मानधनाचा पत्ता नसतो; व्हिलाच्या वर्णनाला शब्दागणिक पैसे मिळतात. मजकूर ठरलेला: उष्ण कटिबंधातलं बेट, टेकडीच्या उतारावरची व्हिला, खासगी तरणतलाव, खाली हिरवी शेतं, पलीकडे नदी. या वाक्यात टेकडी, शेत आणि नदी काहीच काम करत नाहीत. ती नुसती दिसतात. माझं भांडण या नुसत्या दिसण्याशी आहे.

मांडवीतलं दिवाडी बेट घ्या. जुन्या गोव्याहून तिथे फेरीबोटीनं जातात. मध्ये टेकडी, भोवती खाजनं. खाजन म्हणजे ‘बॅकवॉटर व्ह्यू’ नव्हे. भरतीचं खारं पाणी बांधानं अडवून केलेली ती शेती आहे. बांधात मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारं दार. आत कोरगूटसारखं खारं सोसणारं भात पिकतं, मानशीपाशी मासळी धरतात, आणि बांधांची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या गावच्या कोमुनिदादीकडे होती. टेकडीही रिकामी बसलेली नाही. तिच्या जांभ्यात पाऊस मुरतो आणि पायथ्याच्या विहिरींना पुरतो. वरचा उतार आणि खालचं शेत ही एकच व्यवस्था आहे. उतार कापला की मुरायचं पाणी माती घेऊन खाली धावतं. व्हिलातल्या पाहुण्याला त्याचा पत्ता लागत नाही. तो तोवर विमानात बसलेला असतो.

कायद्याला हे ठाऊक होतं. गोव्याच्या नगरनियोजन कायद्याचं १७-अ कलम परवानगीशिवाय डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला एकाच दमात मनाई करतं. पुढे २०२३ साली १७(२) आलं. प्रादेशिक आराखड्यातल्या ‘अनवधानानं झालेल्या चुका’ दुरुस्त करण्याची त्यात सोय होती. भाषेत काम करणाऱ्या माणसानं हे शब्द दोनदा वाचावेत. नकाशावरचा हिरवा रंग ही चूक, आणि त्याजागी वस्तीचा रंग ही दुरुस्ती! मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं या कलमाखालचे नियम रद्द केले. पण तोवर २०२४ चं ३९-अ आलेलं होतं, आणि त्याखालीही भूखंडाचा विभाग बदलून मागता येतो.

हे सगळं मी चेन्नईच्या वेलचेरीत बसून लिहिते, कारण अशा शब्दांचं पुढे काय होतं ते इथे दिसतं. तमिळमधल्या ‘एरी’चं इंग्रजीत ‘लेक’ झालं. एरीला बांध असतो, पाणी सोडायचं दार असतं, खाली भिजणारी शेती असते, आणि जास्तीचं पाणी पुढच्या एरीत जायची वाट असते. लेकला फक्त काठ असतो, आणि काठावर फ्लॅट. शेती गेली, वाटा बुजल्या. शेजारचं पळ्ळीकरणै २०२२ साली रामसर यादीत गेलं, तोवर त्याचा बराच भाग भरून झाला होता. २०१५ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२३ च्या मिचाँग वादळात पाणी आपल्या जुन्या पत्त्यावर आलं. भाषांतरानं तळी बुजत नाहीत, हे मला कळतं. पण ती बुजत असताना कुणाला खटकलं नाही, त्यात भाषांतराचा वाटा आहे.

‘मग गोव्यातल्या माणसानं कमवायचं कसं?’ हा प्रश्न खरा आहे. मालक परदेशी गेल्यामुळे कुलपात पडलेली कितीतरी जुनी घरं गोव्यात आहेत. ती डागडुजी करून भाड्यानं द्यावीत. गावातल्या माणसाला काम मिळेल, टेकडीला धक्का लागणार नाही. माझा विरोध भाड्याला नाही, नव्यानं कापलेल्या उताराला आहे.

आणि हे बिल्डरांना सुनावून आपण मोकळे होऊ नये. उतारावरची व्हिला आठवडाभर घेऊन ‘रायटर्स रिट्रीट’ भरवणारी मंडळी आपलीच. एकांतात कादंबरी पुरी झाली म्हणून आभार मानतो, पण त्या एकांताचं पाणी टँकरनं घाट चढून आलं का, हे विचारत नाही. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा: उतार कापायला परवानगी होती का, पाणी कुठून येतं, मैला कुठे जातो. सरळ उत्तर आलं नाही तर दुसरीकडे लिहा. कादंबरी घरच्या जेवणाच्या टेबलावरही होते.

भाषांतरकारांना वेगळं सांगते. ‘निसर्गाच्या कुशीत’ लिहू नका. कापलेल्या टेकडीला ‘कापलेली टेकडी’ लिहा. मजकूर परत आला तर काम सोडा. मी सोडते, आणि त्या महिन्याचा हिशेब थोडा अवघड जातो, इतकंच. आणि जिथे लिहाल तिथे खाजन, मानस, जांभा, एरी हे शब्द जसेच्या तसे ठेवा. ते समजावायला एखादी ओळ जास्त लागेल. ती लिहा.