गाणे आपले, मालकी कुणाची?

लातूरचा एक तरुण मध्यंतरी माझ्या नांदेडच्या कार्यालयात आला. खांद्यावर गिटार, हातात शंभर रुपयांच्या बॉन्डची झेरॉक्स. नामांतराच्या शहिदांवर त्याने गाणे लिहिले, चाल बांधली, गायलेही स्वतःच. पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांची नावे त्यात आहेत. साथीला ढोलकी-पेटी नाही. इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सचा दणदणाट. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री गाणे प्रकाशित झाले, मिरवणुकीत वाजले. पण प्रकाशित करणाऱ्याने त्याचे नावच गाळले. पाच हजार रुपये हातावर टेकवून 'सर्व हक्क' लिहून घेतले होते!

आपल्या काही ज्येष्ठांची तक्रार वेगळीच. हे कसले भीमगीत, हा तर गोऱ्यांचा धांगडधिंगा, असे ते म्हणतात. त्यांचा आदर राखून सांगतो, हे खरे नाही. रॉकचे मूळ अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांच्या ब्लूज संगीतात आहे. ज्या काळ्या समाजाच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये आपल्या दलित पँथरने नाव घेतले, त्याच समाजाचे हे संगीत. आपल्या गायनपार्ट्यांनी कव्वालीच्या ढंगात बाबासाहेब गायले, तेव्हा बाबासाहेब परके झाले नाहीत. मुंबईत कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्ज'ने रॉकमधून बुद्ध-भीम गायले. चेन्नईत २०१८ मध्ये 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने रॉक-रॅपमधून जातीवर प्रहार केला. मग मराठवाड्यानेच मागे का राहावे?

प्रश्न वाद्याचा नाही, मालकीचा आहे. आर्थर क्रूडप या काळ्या गायकाने १९४६ मध्ये 'दॅट्स ऑल राइट' हे स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित केले. १९५४ मध्ये तेच गाणे गाऊन एल्विस प्रेस्लेची पहिली रेकॉर्ड निघाली. एल्विस रॉकचा राजा झाला. क्रूडप मात्र मजुरी करीत, रॉयल्टीसाठी भांडत १९७४ मध्ये वारला. शोषणाची ही रीत आपल्या शाहिरांना नवी आहे काय?

फरक एवढाच की, आज आपल्या हाती कायदा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा आता करारानेही काढून घेता येत नाही; तसा करार रद्दबातल ठरतो. हक्क लेखी करारानेच देता येतात. करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश नसेल तर फक्त भारत धरला जातो. आणि हक्क विकले तरी 'हे गाणे माझे आहे' असे सांगण्याचा निर्मात्याचा अधिकार कलम ५७ नुसार शाबूत राहतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही.

याच आधारावर आम्ही नोटीस पाठवली आहे. उत्तर आले नाही तर न्यायालय आहेच.

एका नावासाठी आपण १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लढलो. घरे जळाली, माणसे गेली, पण विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव दिल्याशिवाय थांबलो नाही. त्याच लढ्यावरील गाण्यावरून आपल्याच पोराचे नाव पुसले जावे आणि आपण मिरवणुकीत त्यावर नाचत राहावे?

तरुणांनो, गिटार वाजवा, ड्रम्स बडवा. पण गाणे बाजारात सोडण्याआधी करार वाचा, वकिलाला दाखवा, मगच सही करा. आणि जयंती मंडळांनो, गाणे वाजवण्याआधी गीतकाराचे नाव माईकवरून पुकारा. त्याला खर्च येत नाही.

जय भीम!