दुसरे अकरा

फुटबॉल हा अकरा जणांचा खेळ, असे आपण शाळेत शिकलो. ते अर्धेच खरे आहे. सरावाला समोर दुसरे अकरा उभे राहिल्याशिवाय पहिले अकरा तयार होत नाहीत. या दुसऱ्या अकरांची नावे मात्र ना बातमीत येतात, ना मंडळाच्या स्मरणिकेत.

बँकेच्या नोकरीत बदलीमुळे काही वर्षे मी कोल्हापुरात होतो. फुटबॉल आमच्या संभाजीनगरातही आमखास मैदानावर खेळला जातो. पण अख्ख्या पेठेची अब्रू एका सामन्याला टांगलेली पाहिली ती कोल्हापुरातच. तिथले पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ तालमींचे. कुस्ती घुमवणाऱ्या तालमींनी चेंडूही आपलासा केला. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची गाठ पडली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरून जात आणि आमच्या शाखेत दुपारी चिटपाखरू नसे.

मला नाद लागला तो मात्र एका लहान तालमीच्या राखीव पोरांचा. त्यांतला एक गोलरक्षक अजून डोळ्यांसमोर आहे. दिवसभर गॅरेजमध्ये हात काळे करायचा आणि पहाटे साडेपाचला मैदानात हजर. पहिला गोलरक्षक असा धडधाकट, की त्याला कधी ताप नाही की मुरगळ नाही. याच्या वाट्याला तीन हंगामांत मिळून वीसेक मिनिटे आली असतील. पण रोज पहाटे संघाचा प्रत्येक फॉरवर्ड त्याच्यावरच चेंडू मारून तयार होत होता. कोण कुठे मारणार हे मारणाऱ्याच्या आधी आपल्याला कळते, असे तो सांगे. आणि ते खरे होते. दुसरा एक हाफबॅक, दोन मुलांचा बाप. मैदानावर फक्की तोच मारायचा, मध्यंतराला लिंबे तोच कापायचा. संघाने एक चषक जिंकला तेव्हा काढलेल्या फोटोत तो कडेला उभा आहे, अर्धा कापला गेलेला. खाली नावे अकराच.

बँकेत आम्ही अशा माणसाला ‘लीव्ह रिझर्व्ह’ म्हणत असू. आज कॅश, उद्या बिले, परवा लेजर. त्याला सगळी टेबले येत, त्याचे स्वतःचे टेबल एकही नसे. पण पगार इतरांइतकाच मिळे, हा फरक मोठाच.

‘बक्षीस कर्तबगारीला असते, हजेरीला नव्हे,’ असे यावर कुणी म्हणेल. फुटबॉलचे जगही बराच काळ तसेच म्हणत होते. 1966 साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला. संघात 22 जण होते, पदके मिळाली अंतिम सामना खेळलेल्या 11 जणांना. जिमी ग्रीव्ह्ज हा नावाजलेला खेळाडू फ्रान्सविरुद्ध जखमी झाला, त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला आणि अंतिम सामन्यात त्याने तीन गोल केले. काल बाकावर असलेला नायक झाला आणि कालचा नायक बाकावर गेला. विश्वचषकात बदली खेळाडू घ्यायची मुभाच 1970 पासूनची. पुढे 2007 मध्ये जुन्या विजेत्या संघांतल्या उरलेल्यांनाही पदके द्यायचे फिफाने ठरवले आणि इंग्लंडच्या त्या मंडळींना ती 2009 मध्ये मिळाली. म्हणजे 43 वर्षांनी!

आपल्या तालमींकडे कुणी पदक मागत नाही. आता मोठ्या स्पर्धांत पाच बदल चालतात, त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक पोरे मैदान पाहतात. तरी बाक काही रिकामा झालेला नाही. मागणी एवढीच, की चषकाच्या फोटोखाली आणि स्मरणिकेत हंगामातल्या सगळ्या खेळाडूंची नावे छापावीत. दरवर्षी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे प्रत्येक संघाच्या खेळाडूंची नोंदणी होतेच. त्या यादीवरून नावे उतरवून घ्यायला एक कारकून आणि एक दुपार पुरे.